सात महिन्यांनंतर टू-इन-वन लॅपटॉप: तिरकी रेघ आणि अर्थिंग

पहिले तीन महिने मत पक्कं होतं: लॅपटॉप चांगला, पेन टाकाऊ. आता सात महिने झाले आणि पेनबद्दलचं मत निम्मं तरी मागे घ्यावं लागतंय. मशीन चौदा इंची, पडदा ३६० अंशांत उलटा फिरून टॅबलेट बनणारं, १६ जीबी रॅम, धातूची बॉडी आणि बॅटरीवर चालणारा पेन. अभ्यास आणि डिजिटल ड्रॉइंग दोन्हीसाठी घेतलेलं. या किमतीत बहुतेक कंपन्यांची रचना अशीच असते, म्हणून नावापेक्षा दोष समजून घेणं जास्त उपयोगाचं. प्रोसेसर, एसएसडीचे आकडे दुकानातल्या पाटीवर असतातच.

दोष असा. पेन टेकवून तिरकी रेघ सावकाश ओढली की ती बारीक लाटा घेत जाते. तीच रेघ झपकन ओढली तर लाट दिसत नाही. आडव्या आणि उभ्या रेघा स्वच्छ येतात. वर्गातल्या नोट्समध्ये किंवा घाईच्या स्केचमध्ये हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण देवनागरी अक्षरलेखन करणाऱ्याला पहिल्याच दिवशी खटकतं, कारण 'र'चा पाय किंवा 'प्र'मधली तिरपी काडी सावकाशच ओढावी लागते. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या शिखराची कड किंवा गोदाघाटाच्या पायऱ्यांचं पर्स्पेक्टिव्ह काढतानाही तेच. शाईचं पक्कं काम असेल तर ही लाट छापून आल्यावरही दिसते.

याचं कारण काचेखालच्या जाळीत आहे. तिथे आडव्या-उभ्या सूक्ष्म वाहक रेषा असतात. पेन संकेत सोडतो, जवळच्या रेषा तो पकडतात आणि दोन रेषांच्या मधली नेमकी जागा मशीन हिशेबाने ठरवतं. त्या हिशेबात थोडी चूक असतेच. आडवी रेघ जाळीच्या एकाच रेषेला धरून जाते, त्यामुळे चूक सगळीकडे सारखी राहते आणि डोळ्याला कळत नाही. तिरकी रेघ जाळीची एकेक रेषा ओलांडत जाते आणि दर ओलांडणीला चूक वर-खाली होते, त्याचीच लाट बनते. म्हणून लाटांमधलं अंतर ठरावीक असतं. वॅकॉम कंपनीच्या ईएमआर पद्धतीत पेनमध्ये बॅटरी नसते, पडद्यामागच्या वेगळ्या थराच्या चुंबकीय क्षेत्रावर तो चालतो आणि तिथे हा त्रास बराच कमी असतो. बहुतेक विंडोज टू-इन-वनमध्ये मात्र एमपीपी किंवा एईएस पद्धतीचे, म्हणजे काचेखालच्या जाळीवरच चालणारे बॅटरीचे पेन येतात. खोक्यावरच्या ४०९६ दाबपातळ्यांचा रेघेच्या सरळपणाशी काहीही संबंध नाही. तो आकडा जाड-बारीकपणाचा आहे.

सर्व्हिस सेंटरच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा ड्रायव्हर अपडेट, दुसऱ्यांदा विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकणं, तिसऱ्यांदा 'पेन ही ॲक्सेसरी आहे, ती वॉरंटीत येत नाही'. विंडोज पुसल्याने रेघेत तसूभरही फरक पडला नाही, काम मात्र दोन दिवस खोळंबलं. विंडोज पुसायला देण्याआधी फाइल्सची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्याच. आणि तक्रार तोंडी करू नका. पडद्यावर प्लास्टिकची फूटपट्टी ठेवून ओढलेल्या दहा तिरक्या रेघांचा व्हिडिओ सोबत न्या. तो पाहिल्यावर 'हात हलला असेल' हे उत्तर तरी मिळत नाही.

इथपर्यंतचं सगळं 'पेन टाकाऊ' या मताच्या बाजूचं. मत बदललं ते चार्जरमुळे.

नीट पाहिलं तर रेघेत दोन वेगवेगळ्या थरथरी मिसळलेल्या होत्या. एक वर सांगितलेली, ठरावीक अंतराची लाट. दुसरी कसलाही क्रम नसलेली, रेघेला काटे फुटल्यासारखी, आणि ती आडव्या-उभ्या रेघांवरही अधूनमधून येणारी. चार्जर काढला की दुसरी साफ नाहीशी व्हायची. चार्जर लावून धातूच्या बॉडीवरून बोटांची मागची बाजू हलकेच फिरवली तर झिणझिण्याही जाणवायच्या. दोन्हींचं मूळ एकच, अर्थिंग नसणं. चार्जरच्या आत विजेची खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीपर्यंत पोचतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि तीच खरखर टच आणि पेनच्या संकेतात मिसळते.

मूळ चार्जर तीन पिनी होता, पण सोयीसाठी ६५ वॅटचा छोटा दोन पिनी चार्जर वापरात आला होता. त्याला अर्थिंगची पिनच नाही. पुन्हा मूळ चार्जर लावला तरी फरक पडेना, कारण भिंतीवरच्या बोर्डात तिसरं भोक होतं पण मागे हिरवी वायर जोडलेलीच नव्हती. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये हे सर्रास आढळतं, पण नव्या फ्लॅटमध्येही गृहीत धरू नका. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डाची वायर कित्येकदा आतून दोनच तारांची असते. तपासणी वायरमनकडूनच करून घ्या. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये पाचच्या आत. पहिला आकडा भलताच कमी किंवा अस्थिर आला तर अर्थिंग नाही असं समजा. न्यूट्रलवरूनच तार आणून अर्थिंगच्या पिनेला जोडण्याचा 'जुगाड' कुणी सुचवला तर ठाम नकार द्या. न्यूट्रल कुठे तुटला तर लॅपटॉपच्या बॉडीवर थेट करंट येईल.

बोर्डाला खरं अर्थिंग मिळाल्यावर काटे गेले, झिणझिण्या गेल्या. ठरावीक अंतराची लाट राहिली. ती रचनेतलीच आहे, पेन बदलून किंवा निब बदलून जात नाही. पण एकटी उरल्यावर ती आधी वाटली होती त्यापेक्षा बरीच बारीक निघाली. क्रिटा या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ब्रश टूलच्या पर्यायांत रेघ स्थिर करणारा स्टॅबिलायझर निवडला की उरलेलीही बऱ्यापैकी झाकली जाते. त्यातलं 'डिस्टन्स' फार वाढवू नका, नाहीतर रेघ पेनच्या मागे रेंगाळते आणि अक्षराचे कोपरे गोल होतात.

म्हणूनच नाशिकच्या एम. जी. रोडला किंवा कॉलेज रोडला मशीन बघायला जाल तेव्हा तिरक्या रेघांची चाचणी चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे करा. दुकानातलं मशीन बहुधा दिवसभर चार्जरवरच असतं. पेन आतून मागून घ्या, डिस्प्लेला ठेवलेला नसतो. पेनड्राइव्हवर क्रिटाची इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्ती न्या, नाहीतर पेंट पुरतं. प्लास्टिकची पट्टी ठेवून ३०, ४५ आणि ६० अंशांत रेघा ओढा, प्रत्येक रेघेला पाच-सहा सेकंद घ्या. पट्टी स्टीलची नको, धातूमुळे संकेत बिघडतो. ज्या मशीनवर दुकानदार पेनने काही काढूच देत नाही, ते चित्रासाठी घेऊ नये.

घरी आणल्यावर दोन गोष्टी लगेच कराव्यात. कंट्रोल पॅनेलमध्ये पेन अँड टच उघडून 'प्रेस अँड होल्ड'चं राइट क्लिक बंद करा, म्हणजे पेन थोडा वेळ एका जागी टेकवला की येणारं वर्तुळ आणि त्यामुळे अडखळणारी रेघ थांबते. दुसरं तळव्याचं. तळवा पेनच्या आधी पडद्याला लागला तर ठिपके उमटतात, पावसाळ्यात हात दमट असताना जास्तच. शाईचं काम करताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एचआयडी कंप्लायंट टच स्क्रीन' डिसेबल करा. पेन चालू राहतो, बोटं बंद होतात. काम झालं की परत सुरू करायचं.

अभ्यासासाठी मशीनबद्दल तक्रार नाही. मुक्त विद्यापीठाची किंवा कुठलीही पीडीएफ पुस्तकं उभा पडदा करून वाचणं, समासात लिहिणं, खुणा करणं सुखाचं आहे आणि त्यासाठी मोफतचं झुर्नल प्लस प्लस (Xournal++) पुरतं. वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे हातात धरून वाचण्याचं हे यंत्र नव्हे. टेबल हवंच. चित्र काढताना तंबूसारखं उभं केलं तर तळव्याच्या दाबाने हलतं. पूर्ण दुमडून मागच्या कडेखाली एक जाड वही ठेवा. गादीवर ठेवू नका, हवेच्या फटी बुजतात आणि उन्हाळ्यात पंखा थांबतच नाही. गोदाघाटावर भर दुपारी स्केच करायचा विचार असेल तर ३०० निट्स उजेडाचा चकचकीत पडदा तिथे आरशासारखा होतो. सकाळी लवकर किंवा सावलीतच जमेल.

रॅम १६ जीबीच घ्या. बहुतेक मशीनमध्ये ती बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही. ए-फोर आकाराचं ३०० डीपीआयचं चित्र म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. एक पूर्ण भरलेला लेयर सुमारे ३५ एमबी धरतो, तीस लेयर झाले की एक जीबी संपला. ए-थ्रीला दुप्पट. त्यावर अनडूचा साठा आणि ब्राउझर वेगळे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी चालू असलेल्या मुलासाठी मात्र हे घेऊ नका. त्या परीक्षा कागदावर असतात, आणि अनडूची सवय लागलेला हात कागदावर अडतो. ज्याचं मुख्य काम चित्र आणि अभ्यास दुय्यम, त्याने साधा लॅपटॉप आणि बिनापडद्याचा ईएमआर पेन टॅबलेट घ्यावा. रेघ सरळ येईल आणि पैसेही वाचतील. नजर पडद्यावर आणि हात खाली, ही सवय व्हायला काही आठवडे जातात. ज्याला दिवसाचे सहा तास वाचन-लेखन आणि दोन तास चित्र करायचं आहे, त्याच्यासाठी टू-इन-वन योग्य.

शेवटी पेनचा खर्च. या पेनला चार-ए सेल लागतो, नेहमीच्या तीन-एपेक्षाही बारीक. किराणा दुकानात आणि बऱ्याच मोबाइलच्या दुकानांतही मागितला तर तीन-ए हातात ठेवतात. म्हणून दोन सेल आधीच आणून ठेवा आणि महिनाभर पेन वापरणार नसाल तर आतला सेल काढा, गळला तर पेनच जातो. कागदासारखा खरखरीत फिल्म लावला तर पकड छान येते, पण निब एका बाजूने घासून चपटी होते. फिल्म लावणार असाल तर निबचा जादा संच त्याच दिवशी घ्या, आणि निब तिरकी दिसायला लागली की लगेच बदला. धातूचं टोक उघडं पडलं तर फिल्मसकट काचेवरही ओरखडा येतो.