व्हॉल्व, आठ महिने : गवंड्याच्या नळीनं लावलेला निकाल

स्वरयंत्र काढलेल्यांना व्हॉल्व कुठं बसतो आणि अंगठ्यानं स्टोमा दाबून कसं बोलायचं, हे मी सांगायला नको. बाकीच्यांसाठी : श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत बसवलेली सिलिकॉनची एकेरी झडप म्हणजे व्हॉल्व, आणि श्वासासाठी गळ्यावर केलेलं भोक म्हणजे स्टोमा; ते दाबलं की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि आवाज निघतो. मी आठ महिने एकाच गोष्टीच्या मागं लागलो होतो : बोलायला जोर किती लागतो.

उद्यमनगरात तीस वर्षं लेथ आणि कॉम्प्रेसरवर काढलीत. दाब म्हटलं की मला गेज लागतं. दोन वाक्यांत दम लागायचा, चौथ्या वाक्याला मान ताठ. विकणाऱ्याला फोन केला (म्हणजे पोरानं केला, माझं बोलणं त्यांना फोनवर कळेना), तर उत्तर आलं, "सवय होईल काका." तीस हजारांच्या घरातला माल, आणि उत्तर हे!

मग गवंडी लेव्हल काढतात ती पारदर्शक नळी आणली. फळीवर यू आकारात ठोकली, निम्मी पाण्यानं भरली, पाण्यात चिमूटभर हळद, बाजूला पोराची पट्टी. एका टोकाला रबरी कप, तो स्टोमावर दाबून 'आ' म्हणायचं. पाणी ३० सेंटीमीटर चढलं. म्हटलं, ठीक आहे. बारावी सायन्सचा पुतण्या म्हणाला, "काका, एका बाजूला ३० चढलं म्हणजे दुसरीकडं ३० उतरलं. फरक ६० धरायचा." साध्या गळ्याच्या माणसाला रोजच्या बोलण्यात ५ ते १० सेंटीमीटर पुरतात. म्हणजे मी निदान सहापट भाता हाणत होतो! त्या रात्री व्हॉल्वला दोन तारे देऊन टाकले.

(कोणी करून बघू नका. नळी लावलेली असताना श्वास आत ओढला आणि पाणी आलं तर ते थेट फुप्फुसात. हे ऐकल्यावर बायकोनं फळी माळ्यावर टाकली.)

पुढं स्पीच थेरपिस्टकडं रीतसर मोजणी झाली. स्टोमाभोवती चिकटपट्टीची चकती, तिला सेन्सर, दाब आणि हवेचा प्रवाह एकदम पडद्यावर. आकडा आला ४१ सेंटीमीटर. मी म्हटलं, माझी नळी खोटी. घरी आल्यावर फळी खाली काढायला लावली, तीच चकती चिकटवून, हात न लावता मोजलं : ४२. नळी खरी होती. खोटा होता माझा हात. हवा निसटू नये म्हणून मी कप इतका रेटत होतो की आतला गळाच चेपत होता. रोज बोलताना अंगठाही तसाच रेटायचो, होजपाइप दाबावा तसा.

तिथंच आणखी एक कळलं. नुसत्या दाबावरून व्हॉल्व चांगला की वाईट ते ठरत नाही. दाबाला प्रवाहानं भागायचं, तेव्हा अडथळा निघतो. आणि माझा मोठा अडथळा व्हॉल्वमध्ये नव्हताच, अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी होता, जिथं स्नायू थरथरून आवाज होतो. तो आखडला की दाब चढतो. काहींना त्यावर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. माझं अंगठा सैल सोडण्यावर भागलं. आता एका दमात गल्लीतल्या भांडणाची अख्खी हकिकत सांगतो.

पण व्हॉल्व निर्दोष नाही. पाचव्या महिन्यात चहा गळायला लागला. चहाचं सोसलं असतं, पण एका रविवारी तांबडा रस्सा श्वासनलिकेत उतरला. अर्धा तास खोकलो, डोळ्यांतून धारा. सिलिकॉनवर कॅन्डिडाची बुरशी साचून झडप नीट मिटत नाही; ब्रश फिरवूनही ती राहतेच. बरेचसे व्हॉल्व तीन ते सहा महिन्यांत बदलावे लागतात, हे विकताना कोणी बोललं नव्हतं. दुसरा बसवलाय. रोज वाटीभर ताक पितो, त्यानं झडप जास्त टिकते म्हणतात. टिकली नाही तरी ताक कुठं वाया जातंय?

तारे आता साडेतीन. राहिलेला दीड 'सवय होईल काका'चा कापला. नळी शेजारचा गवंडी घेऊन गेलाय, त्यांचा स्लॅब पडायचाय.