पेनांग, तैपेई की सिंगापूर: रोज बाहेर जेवायचं तर कुठे राहावं?

आठ दिवसांच्या सहलीत कुठलंही शहर चविष्ट लागतं. वर्षभर राहायचं असलं की प्रश्न बदलतो. कामावरून दमून आल्यावर, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, कालच्यापेक्षा वेगळं काय मिळेल? या कसोटीवर ही तीन शहरं पाहू.

मासे-मांस सगळं चालत असेल तर माझं मत सरळ मलेशियातल्या पेनांगला. तिथल्या मुख्य शहरात, जॉर्ज टाउनमध्ये, चिनी, मलय आणि तमिळ मुस्लिम स्वयंपाक पिढ्यानपिढ्या शेजारी नांदले आणि एकमेकांत मिसळले. तिथला आसाम लाक्सा म्हणजे बांगड्याचं आंबट कालवण. त्यात चिंच, शिवाय कोकमाच्याच कुळातल्या एका फळाच्या सुकवलेल्या चकत्या. मग तांदळाच्या जाड शेवया, अननस, काकडी, पुदिना आणि कोळंबीची काळी, गोडसर चटणी. कोकणी जिभेला पहिल्याच घोटात ओळख पटते, तरी चव पूर्ण नवी. नासी कांदारमध्ये भातावर तीन-चार रस्से एकत्र ओततात. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी तो कावडीतून विकत. एका ठेल्यावर बहुधा एकच पदार्थ, आणि हात त्यावरच बसलेला. हा हात टिकावा म्हणून 2016पासून ठेल्यांवर स्थानिक पदार्थ रांधायला परदेशी स्वयंपाकी ठेवण्यावर तिथे बंदी आहे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

मात्र वेळा सांभाळाव्या लागतात. सकाळचा ठेला दुपारी आवरलेला असतो. चिनी ठेल्यावरच्या ‘चार क्वे ट्याओ’मध्ये, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवयांत, डुकराची चरबी असू शकते, आणि भाजीतही सुकी कोळंबी सापडते. शाकाहारी माणसाने थेट भारतीय किंवा बौद्ध खानावळी गाठाव्यात.

शाकाहारी असाल तर तैवानच्या तैपेईला तोड नाही. गल्लोगल्ली शाकाहारी खानावळी आहेत, कित्येकींच्या पाटीवर बौद्ध स्वस्तिक असतं. ताटात हवं ते वाढून घ्यायचं, वजनावर पैसे द्यायचे. शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटबंद पदार्थावर तो पाचपैकी कोणत्या प्रकारचा, म्हणजे अंडं, दूध, कांदा-लसूण आहे का, हे छापणं बंधनकारक आहे. इतकी काळजी आशियात फार कमी ठिकाणी घेतात.

रात्रीच्या बाजारांचं कौतुक सगळेच करतात, पण रोजच्या जगण्यात खरा आनंद सकाळच्या दुकानांत आहे: गरम सोया दूध, मैद्याची तळलेली लांब कांडी, अंड्याची पोळी. चवी मात्र सौम्य, तिखट खाणाऱ्याला पहिले काही आठवडे जड जातील. छोट्या दुकानांत यादी बहुधा चिनी लिपीतच असते. शिवाय भाड्याच्या लहान खोल्यांत अनेकदा स्वयंपाकघरच नसतं, तेव्हा घर बघतानाच विचारा.

सिंगापूर सर्वांत सोपं. इंग्रजी चालतं, स्वच्छता चोख, आणि टेक्का सेंटरसारख्या एकाच छपराखाली बिर्याणी, डोसा, चिकन राइस सगळं. लहान मुलं बरोबर असतील, किंवा देशाबाहेर पहिल्यांदाच राहणार असाल, तर इथूनच सुरुवात करा. घरभाडं मात्र तिन्हींत इथेच सर्वांत जास्त. 2020मध्ये युनेस्कोने इथल्या हॉकर म्हणजे ठेलेवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली, पण अनेक विक्रेते साठीला पोचलेत आणि त्यांची मुलं या कष्टाच्या धंद्यात यायला फारशी तयार नाहीत. तिथे राहायला गेलात तर म्हाताऱ्या विक्रेत्यांच्या ठेल्यांवर आधी जा.