दोन दिवसांत निवड झाली, तिथंच ओळखायला हवं होतं

कथा पाठवून उत्तराची वाट बघत बसणाऱ्यांनी हे वाचा, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल. मी बार्शीत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, टेंडरचे कागद, पोरांचे प्रोजेक्ट, निवडणुका आल्या की हँडबिलं, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच कॉम्प्युटरवर कथा. नऊ वर्षं लिहितोय. छापून आल्या तीन, तिन्ही दिवाळी अंकांत. मानधन एकाच ठिकाणी मिळालं, ५०० रुपये, दुसऱ्यांनी अंक पाठवला आणि तिसरा मी सोलापूरला जाऊन विकत घेतला. सांगायचं कारण असं की छपाई म्हणजे काय, कागद कसा येतो, पुस्तक कितीला पडतं हे मला रोजचं आहे, तरी मी पुस्तकाच्याच नावाखाली ४,९५० रुपयांना फसलो. आणि पैशाचं दुःख त्यात सगळ्यात कमी आहे, ते पुढे येईल.

आधी वाट बघण्याचं सांगतो कारण ही माणसं आपल्याला धरतात तिथंच. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत कथा लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीभोवतीच फिरतंय. उन्हाळ्यात आवाहनं येतात, जून-जुलैपर्यंत कथा पाठवायची आणि मग सगळं शांत. आम्हाला शाळेत एक सर होते ते लिहायचे, ते कथेसोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट पाठवायचे, मग महिन्या-दोन महिन्यांनी त्याच पाकिटातून 'साभार परत'ची चिठ्ठी यायची. सर म्हणायचे, परत आली म्हणजे पोचली तरी. आता ईमेल झाल्यापासून पोचही नाही आणि साभार परतही नाही. ऑक्टोबरात अंकवाले फेसबुकवर अनुक्रमणिका टाकतात, त्यात आपलं नाव आहे का ते बोटाने स्क्रीन सरकवत बघायचं, नसलं की कळलं. मी संपादकांना नावं ठेवत नाही, बरेच अंक एक-दोन माणसं नोकरी सांभाळून काढतात, जाहिराती गोळा करण्यातच त्यांचा जीव जातो. पण वर्षानुवर्षं कुणी हूं की चूं न केलेल्या माणसाला एखाद्याने नुसतं 'वाचली हं तुमची कथा' म्हटलं तरी तो किती पाघळतो हे बाहेरच्याला कळणार नाही.

२०२४ च्या मे महिन्यात मी 'काटा' नावाची कथा एका चांगल्या दिवाळी अंकाला पाठवली होती. छोटीच, १,४०० शब्दांची. भगवंत मंदिराच्या बाहेर वजनकाटा घेऊन बसणारा म्हातारा मरतो आणि त्याची बायको तो काटा घेऊन त्याच जागेवर बसायला लागते, एवढीच गोष्ट, पण मला ती जमली होती असं वाटत होतं. जुलै उजाडला तरी उत्तर नाही. त्याच सुमारास एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉरवर्ड आला, राज्यस्तरीय कथा निवड, प्रातिनिधिक कथासंग्रह, १,५०० शब्दांची मर्यादा, 'प्रवेश विनामुल्य'. मु ऱ्हस्व. माझं कामच प्रूफं तपासायचं, त्यामुळे चूक लगेच डोळ्यात गेली, पण म्हटलं पोस्टर बनवणाऱ्या पोराने केली असेल. गुगल फॉर्म होता, रविवारी रात्री भरला, तीच कथा जोडली.

मंगळवारी सकाळी अकराला फोन. दुकानात गर्दी, कुणाचं तरी आधार कार्ड काचेवर ठेवलेलं, आणि पलीकडून एकदम मुलायम आवाज, "सर, मी संपादक मंडळाकडून बोलतोय, काटा वाचली, तुमचा तो म्हातारा नायक अक्षरशः डोळ्यांसमोर उभा राहिला बघा." आता माझ्या कथेतला म्हातारा दुसऱ्या पानावर मरतो आणि पुढची सगळी कथा म्हातारीची आहे. हे मला त्याच क्षणी खटकलं, खोटं कशाला बोलू. पण लगेच मनाशी म्हटलं, प्रत्येकाचं वाचन वेगळं असतं. मला कुणी सर म्हणालं नव्हतं कधी, झेरॉक्सवाल्याला कोण सर म्हणतं.

निवड झाली होती म्हणे. प्रवेश फुकट होता, पण निवड झालेल्यांना 'सहभाग शुल्क' १,५००, त्यात पुस्तकाच्या २ प्रती, सन्मानपत्र, ट्रॉफी. त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन केल्यावर नाव आलं ते मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या कुठल्यातरी दुकानाचं. विचारलं तर म्हणाला संस्थेचं खातं ऑडिटमध्ये आहे सर, आमच्या खजिनदारांचं दुकान आहे. भरले. मग महिनाअखेरीस आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावरचा ओळख क्रमांक, त्याच्या नोंदणीचे ३५०. ऑगस्टमध्ये जादा प्रतींची बुकिंग, प्रत्येकी २५० प्रमाणे मी ४ सांगितल्या, एक सरांच्या मुलाला, एक सासऱ्यांना वगैरे, झाले १,०००. सप्टेंबरात निरोप आला की तुमची कथा पहिल्या दहात आली आहे, पुरस्कार आहे (नावात 'रत्न' होतं, असतंच), पुण्यात समारंभ, शाल, श्रीफळ, भोजन, त्याचे २,१००. बायको म्हणाली, "अहो, पुरस्कार देणारे पैसे घेतात का कुठं?" मी म्हटलं तुला यातलं काही कळत नाही. ते वाक्य मला आजही भोवतंय, रोज जेवताना.

पण या सगळ्याच्या मधे जे झालं ते खरं सांगायचं आहे. जुलैत पैसे भरल्यावर मला वाटलं, एकच कथा दोन ठिकाणी ठेवणं बरोबर नाही, आपण नियमाने वागावं, म्हणून मी त्या दिवाळी अंकाच्या संपादकांना मेल केला की कथा अन्यत्र स्वीकारली गेली आहे, क्षमस्व, मागे घेतो. सत्तर दिवस गप्प असलेल्या त्या पत्त्यावरून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. दोन ओळी. कथा आम्ही घेतली आहे, चित्रासाठी चित्रकाराकडे दिली आहे, तिकडून मोकळी करून घेता आली तर शुक्रवारपर्यंत कळवा.

मी त्या मुलायम आवाजाच्या माणसाला फोन केला, म्हटलं मला कथा मागे घ्यायची आहे, पैसे राहू द्या. तर आवाज बदलला ना. "तुम्ही फॉर्ममध्ये सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील यावर टिक केली आहे, कथा दुसरीकडे आली तर आम्ही लीगल नोटीस काढू, त्या अंकालाही पार्टी करू." मी घाबरलो. आपल्यामुळे त्या अंकवाल्यांना कोर्टाची भानगड नको म्हणून शुक्रवारी कळवलं की जमत नाही. त्यांनी 'ठीक' एवढंच लिहिलं. मग वाटलं आता हाच रस्ता धरलाय तर निदान इथं तरी नीट होऊ दे, आणि म्हणूनच पुढचे पैसे मी भरत गेलो. जुगारात हरणारा जसा उठत नाही तसं.

माझ्या दुकानात एक वकील येतात स्टॅम्प पेपरचा मजकूर टाईप करायला, त्यांना हे मी विचारलं कधी, तर डिसेंबरात. तेव्हा विचारायची लाज वाटली होती. त्यांनी कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ काढून दाखवलं. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी लागतं, लिहिणाऱ्याची सही लागते, कुठली कथा, कोणते हक्क, मोबदला काय हे त्यात यावं लागतं, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. नाव-गाव नसलेल्या गुगल फॉर्मवरच्या टिकेच्या जोरावर तो नोटीस काढेल म्हणाला आणि तुम्ही ऐकून घेतलंत, असं म्हणून ते हसले. हक्क कथा लिहिल्या लिहिल्या लेखकाचाच होतो, त्यासाठी नोंदणी करावीच लागते असंही नाही, म्हणजे कुणी 'कॉपीराइट काढून देतो' म्हणून पैसे मागितले तर सावध.

समारंभ ऑक्टोबरात होता, मग विधानसभेची आचारसंहिता लागली म्हणून हॉल मिळेना. हे मला पटलं कारण माझ्याकडे स्वतःकडे त्या काळात हँडबिलांची धांदल होती. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल लागला, मग म्हणे पाहुण्यांची तारीख नाही, मग लग्नसराई. डिसेंबरात ग्रुपवर पीडीएफ आली. ग्रुप असा की फक्त अ‍ॅडमिनच बोलणार, आम्ही नुसते हात जोडलेले इमोजी टाकणार. पीडीएफ उघडली आणि माझ्यातला डीटीपीवाला जागा झाला. फॉण्ट फुटलेला, रफार उडालेले, 'मूर्ती'ची 'मूती' झालेली. १८८ पानं, त्यातली ५ मनोगत-बिनोगत, उरली १८३, लेखक ६१. प्रत्येकाला मोजून ३ पानं. माझी कथा तिसऱ्या पानाच्या तळाशी अर्ध्या वाक्यात तुटली, शेवटचे दोन परिच्छेद नाहीतच. म्हातारी काट्यावर स्वतः उभी राहते तिथं कथा संपते, ती उभीच राहिलेली नाही. कुणी वाचलंच नव्हतं तर कुणाला कळणार.

मग मी हिशोब केला. ६१ जणांचे १,५०० म्हणजे ९१,५०० झाले, वरचे आयएसबीएनचे, प्रतींचे, समारंभाचे वेगळे. असलं १८८ पानी काळं-पांढरं पुस्तक, ७० जीएसएमचा कागद, परफेक्ट म्हणजे गोंदाचं बाइंडिंग, माझ्या ओळखीच्या प्रेसवर डिजिटलला दीडशेच्या आत पडतं, प्रत्येकी २ धरून १२२ प्रती काढल्या तरी १८,३०० रुपये. आयएसबीएनचं तर ऐका. आपल्याकडे तो नंबर राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो आणि फुकट मिळतो, त्याची फी नसते. आणि पुस्तकावर छापलेला नंबर खरा वाटतो का ते बघायची एक सोपी रीत आहे, १३ आकडे घ्यायचे, पहिल्याला १ ने गुणायचं, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला १ ने, असं आलटून पालटून, सगळ्याची बेरीज केली की शेवटी शून्य आलं पाहिजे. आमची बेरीज ११७. म्हणजे बसल्या बसल्या मनाने आकडे टाकलेले. शेवटी शून्य आलं म्हणून नंबर खरा असं मात्र समजू नका, दुसऱ्याच्या पुस्तकावरचा उचललेला पण असू शकतो, सर्च करून बघा.

फेब्रुवारीत कुरिअरने एक प्रत आली. सहा यायला हव्या होत्या. ट्रॉफी नाही, सन्मानपत्र जेपीजीमध्ये, त्यातही माझ्या आडनावाची वाट लावलेली. फोन केला तर नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांनी व्यवहाराचे नंबर घेतले, पण पैसे जाऊन पाच-सात महिने झालेले, तिथं खात्यात काय शिल्लक असणार, ती तक्रार पैसे गेल्या गेल्या करायची असते. पोलीस स्टेशनला गेलो तर तिथले हवालदार पुस्तक चाळून म्हणाले, "पुस्तक तर दिलंय की हो त्यांनी, तुमचं नावबी आहे." खरंच आहे, नाव आहे. यातली खरी मेख हीच, थोडंसं काहीतरी ते देतात.

ग्रुपमधल्या बाकीच्यांना मी एकेक करून मेसेज केले. बऱ्याच जणांनी ब्लू टिक देऊन सोडून दिलं. विदर्भातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी भाच्यांना वाटायला १० प्रती सांगितल्या होत्या, आली एकच. मी म्हटलं बाई, आपण सगळे मिळून तक्रार करू. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना भाऊ, बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा नाव छापून आलं माझं, मी घरात सगळ्यांना दाखवलं आहे, आता ते खोटं होतं असं कसं सांगू." त्यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांच्या तीन पानांचा शेवट तुटला होता का ते मी विचारलं नाही.

सहभाग शुल्क घेणारे सगळेच चोर असं मी म्हणत नाही. ओळखीची चार माणसं खर्च वाटून घेऊन संग्रह काढतात, तो सरळ व्यवहार असतो, आधी सांगितलेला असतो. माझं म्हणणं एवढंच की आवाहनात फुकट आणि फोनवर शुल्क असं झालं की तिथंच थांबा. आणि फोनवर कौतुक करणाऱ्याला कथेचा शेवट विचारा, सहज गप्पांत, "शेवट तुम्हाला कसा वाटला" म्हणून. मी हे तेव्हा विचारलं असतं तर काम एका मिनिटात झालं असतं.

या मेमध्ये मी त्या दिवाळी अंकाच्या संपादकांना झालेलं सगळं लिहून कळवलं आणि 'काटा' शेवटासकट परत पाठवली, असल्या पुस्तकात आली म्हणून ती पूर्वप्रकाशित धरायची का नाही ते तुम्हीच ठरवा म्हटलं. पोच आलेली नाही अजून.

परवा मात्र दुसऱ्याच एका ग्रुपवर नवीन आवाहन आलं. संस्थेचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, या वेळी 'अलक' म्हणजे अति लघु कथा आणि कविता पण मागवल्यात. बॉर्डर तीच, फॉण्ट तोच. खाली लाल अक्षरात प्रवेश विनामुल्य, आणि मु ऱ्हस्वच.