गादीवाफ्यावरचं उन्हाळी कांद्याचं रोप: उळे टाकण्यापासून चाळ रिकामी होईपर्यंत

आमच्या निफाड (नाशिक) पट्ट्यात उळे, म्हणजे रोपासाठीचं कांद्याचं बी, टाकायचे म्हणजे सपाट वाफा, मुठीने फोकलेलं बी आणि पाटाचं पाणी. गेल्या ऑक्टोबरात ती पद्धत सोडून सगळं रोप गादीवाफ्यावर, म्हणजे उंच उचललेल्या वाफ्यावर केलं. चाळीतला (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला) शेवटचा माल नुकताच मार्केटला गेला, म्हणून आता लिहितोय. रोप हिरवंगार असताना फोटो टाकून 'एक नंबर' म्हणणारे पुष्कळ भेटतात. कांद्याचा निकाल चाळीत लागतो.

एकराच्या लागवडीला दोन गुंठे रोपवाटिका धरली. वाफा अर्धा फूट उंच आणि मीटरभर रुंद. रुंदी यापेक्षा वाढवू नका. सरीत बसून दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर निंदणाऱ्या बाया वाफ्यावर पाय देतात आणि गादी बसते. वरच्या थरात चाळलेलं शेणखत आणि त्यात ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी). काडीने आडव्या रेघा ओढल्या, दोन-अडीच इंचांवर एक. बी अर्ध्या इंचापेक्षा खोल नाही. वरून बारीक खत भुरभुरून भाताचा पेंढा अंथरला आणि उगवण होईपर्यंत झारीने पाणी. पुढे मिनी स्प्रिंकलर.

बी घरचंच, एन-2-4-1. पिंपळगाव बसवंतला तयार झालेला हा जुना वाण उन्हाळी कांद्यात अजून हटलेला नाही. घरचं बी असलं तरी उगवण तपासल्याशिवाय टाकायचं नाही. कांद्याचं बी वर्षभरात म्हातारं होतं, मागच्या सालचं उरलेलं कितीही काळंभोर दिसलं तरी भरवसा नाही. शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या की आठवड्यात चित्र स्पष्ट होतं. विकतच्या बियाण्यालाही हीच तपासणी लावा. 2020 साली बियाण्याची एवढी ओढाताण झाली की त्या ऑक्टोबरात केंद्राने कांदा बियाण्याची निर्यातच थांबवली. तेव्हापासून आमच्या गल्लीत बहुतेक घरी थोडे तरी डोंगळे (बियाण्यासाठी फुलावर आणलेले कांदे) धरतात. फक्त शेजारी लाल कांद्याचे डोंगळे फुलात असतील तर सांभाळा, मधमाशीला बांध कळत नाही.

बियाण्याची बचत खरी आहे. फोकून टाकायचो तेव्हा एकराला तीन किलो लागायचं आणि त्यातलंही पाटाच्या पाण्याबरोबर वाफ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. तिथे केसांसारखं दाट रोप आणि पहिली मर (रोपं कोलमडायचा रोग) सुद्धा तिथेच. रेघेत पेरल्यावर दोन किलोत भागलं आणि तरी रोपाच्या चार पेंढ्या (जुड्या) शेजारी देता आल्या. मर अजिबात आली नाही असं म्हणणार नाही. स्प्रिंकलरचं पाणी एका टोकाला साचत होतं तिथे हातभर पट्टा बसला. पण तो तेवढ्यावरच थांबला. सपाट वाफ्यात रोग पाण्याबरोबर वाफाभर फिरतो.

त्रास कुठे झाला तेही सांगतो. गादी करायला आणि रेघा ओढायला माणूस लागतं. फोकण्याचं काम तासाभराचं, याला अख्खा दिवस जातो. वाफा लवकर सुकतो, म्हणून उगवणीच्या दिवसांत दुपारी एकदा हात घालून बघावंच लागतं. रात्रीच्या लाइटवर मोटर चालणाऱ्यांनी पाण्याची टाकी आधी करावी, मग गादीवाफ्याच्या नादी लागावं. पेंढा काढायला उशीर केला तर रोप पिवळं, लांबट होतं. कोंब वाकलेल्या कड्यासारखे वर यायला लागले की संध्याकाळी हलक्या हाताने पेंढा उचलायचा.

आता मुख्य गोष्ट, लागवड कधी करायची.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा हिशोब असा: खरिपाला 35 ते 40 दिवसांचं रोप, रांगड्याला (उशिराच्या खरिपाला) 40 ते 45, उन्हाळीला 50 ते 55. आमच्याकडे मात्र लोक दिवस मोजत नाहीत, तारीख धरतात. अमुकच्या शेतात लावणाऱ्या बायांची टोळी आली, मग आपलंही उरकून घेऊ. सपाट वाफ्यातलं रोप दाटीमुळे रेंगाळायचं, त्यामुळे हे खपून जायचं. गादीवाफ्यावर प्रत्येक रोपाला जागा, भुसभुशीत माती, मोजकं पाणी. ते थांबत नाही. डिसेंबरच्या मध्यालाच उपटून पाहिलं तेव्हा पांढरी मुळं झुपक्याने आली, माती धरून. पात ताठ, आणि बुडाला हरभऱ्याएवढी गाठ. जुनी माणसं हीच खूण सांगतात आणि मला ती दिवसांच्या आकड्यापेक्षा भरवशाची वाटते. गाठ धरलेली नसेल आणि मान काडीसारखी असेल, तर रोप लावल्यावर पहिल्या उन्हात आडवं होतं. गाठ बोराएवढी झाली, तर समजा गाडी सुटली.

माझ्या एकरातला अर्धा भाग मक्याचा होता, मोकळा आणि तयार. तिथे लगेच लागवड झाली. उरलेल्या अर्ध्याला टोळीच मिळेना. लाल कांद्याची काढणी आणि द्राक्षबागांची कामं एकाच वेळी, बाया आणायच्या कुठून? तो भाग जानेवारीचा दुसरा पंधरवडा उजाडला तेव्हा लागला. बी तेच, वाफा तोच, खतपाणी तेच. रोप तेवढं महिनाभर जास्त वाफ्यात बसलेलं. टोळीतल्या मोठ्या मावशींनी पहिली पेंढी हातात घेताच सांगितलं, "भाऊ, हे म्हातारं झालंय. लावते मी, पण दांडे येतील बघा."

आले. वेळेत लागलेल्या भागात डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) शोधावे लागत होते, उशिराच्या भागात बांधावरून दिसत होते. त्यामागचं कारण सरळ आहे. कांद्याचं झाड एका जाडीच्या पुढे गेलं आणि मग कडाक्याची थंडी मिळाली की ते गाठ भरायचं सोडून फुलावर येतं. बारीक रोप तीच थंडी सोसून पुढे जातं. निफाडचा पारा जानेवारीत दहाच्या खाली उतरतो हे काही नवीन नाही. जाड रोपासाठी तोच इशारा पुरेसा. जोडकांदेही याच भागात जास्त निघाले.

दुसरा फटका आकाराचा. उन्हाळी वाण गाठ कधी भरायला घेतो हे दिवसाची लांबी आणि वाढता उन्हाळा ठरवतात. झाड तुमच्या शेतात किती दिवस राहिलंय, याच्याशी त्याला घेणं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा व्हायला लागला की पात जेवढी झाली असेल तेवढ्या भांडवलावर कांदा पोसतो. उशिराच्या भागाला पात वाढवायला वेळच मिळाला नाही, त्यामुळे गोल्टी (बारीक कांदा) जास्त. त्यात फुलकिड्यांनी ऐन गरमीत तिथेच मुक्काम टाकला. फवारण्याही त्याच भागावर जास्त झाल्या.

लागवडीच्या वेळच्या दोन गोष्टी. आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी द्या, म्हणजे मुळं तुटत नाहीत. पात वरून तिसरा हिस्सा छाटून, मुळं बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून मग रोप लावायचं. आणि लावणाऱ्या बायांच्या मागे एक चक्कर मारा. उक्त्यावरचं काम असलं की अंगठ्याने रोप खोल दाबून पुढे सरकण्याची घाई असते. मान गाडली गेली की कांदा लांबट होतो. अंतर 15 बाय 10 सेंटीमीटर सांगितलं जातं, आमच्यात ते लावणाऱ्या बाईच्या वितीवर ठरतं. आंबवणीचं (लागवडीनंतरचं दुसरं) पाणी मात्र चुकवू नका, नांग्या (रोप मरून मोकळ्या जागा) तिथेच पडतात.

काढणी निम्म्याहून जास्त माना पडल्यावर केली. पातीसकट शेतात सुकवलं, इंचभर मान ठेवून कापलं. डेंगळ्याचे आणि जोड कांदे चाळीत घातलेच नाहीत, काढणीलाच विकले. डेंगळ्याच्या मधला पोकळ दांडा सडायला सुरुवात करतो आणि शेजारच्या चांगल्या कांद्यालाही घेऊन जातो. वेळेवर लागलेल्या भागाचा माल पावसाळाभर चाळीत राहिला, पत्ती (वरचं साल) टिकली, रंग टिकला. सड निघाली ती नेहमीच्या खालच्या थरात, चाळीच्या हवेच्या दोषाने. तिचा रोपाशी संबंध नाही. भाव काय मिळाला ते विचारू नका, तो विषय गादीवाफ्याच्या हातातला नाही.

पोळ (खरिपाच्या) कांद्यासाठी विचाराल, तर तिथे गादीवाफा उन्हाळीपेक्षाही जास्त लागतो, कारण जून-जुलैच्या सरींत सपाट वाफा म्हणजे डबकं. पण त्या रोपाची घाई आणखी मोठी, पाच-सहा आठवड्यांत ते निघालंच पाहिजे. शेत तयार नसेल तर उळे टाकूच नका.

एवढ्या अनुभवावर गादीवाफा मी सोडणार नाही, सपाट वाफ्याकडे परत जाणं नाही. बदल एकच, उळे एकदम टाकायचे नाहीत. अर्धे ऑक्टोबरच्या शेवटी आणि अर्धे दहा-बारा दिवसांनी. टोळीच्या मावशींना दोन्ही तारखा दसऱ्यालाच सांगून ठेवल्यात आणि इसारही दिलाय.