सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं बिनबोर्डाचं गॅरेज – फोर बाय फोरचं क्राऊन ऑइल बदललं

आपली गाडी बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद जाते ती), २००९ ची. शेत मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला, त्यामुळं गाडीला आराम असा नाहीच. सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला तेव्हा हिनंच दोन दिवस गुडघ्याच्या वरच्या पाण्यातनं माणसं, शेळ्या, पेंडीची पोती बाहेर काढली. दिवाळीच्या आधी एका गॅरेजला (नाव घेत नाही, जाऊ द्या) मागचं क्राऊन (ॲक्सलच्या मधल्या गोळ्यातले, चाकं फिरवणारे दाते), पुढचं क्राऊन, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) असं तिन्हीचं ऑइल बदलायला सांगितलं, तिन्हीचे पैसे पण मोजले, तरी जानेवारीतली गड्डा यात्रा संपते न संपते तोवर पन्नासच्या पुढं गेलं की मागनं घूंऽऽ आवाज चालू, ॲक्सिलेटर सोडला की सूर बदलायचा.

मग चुलतभावानं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याचं शेड, बाहेर जुन्या जीपचं हाऊसिंग (क्राऊनचं लोखंडी कवच) उलटं टाकलंय तीच खूण. शेजारी टॉवेलचे माग दिवसभर खटाखट, तिथं क्राऊनचा आवाज काय ऐकू येणार, म्हणून मिस्त्री मामांनी चावी घेतली आणि मला बाजूला बसवून रोडवर लांब चक्कर मारली. मला वाटलं उगं डिझेल जाळायलेत, पण ऑइल गरम झालं की पातळ होतं आणि तळातला गाळ घेऊनच बाहेर पडतं, त्यासाठी पण ती चक्कर होती.

आल्यावर गाडीखाली झोपले आणि खालचा नाही, आधी वरचा भरायचा नट सैल केला. का ओ मामा? "मालक, खालनं सगळं सांडलं आन् वरचा नट गंजून निघालाच नाही तर भरणार कुठनं? ढकलत नेता का मोहोळला?" मग त्या भोकात बोट घातलं. ऑइल भोकाच्या काठाला लागून पाहिजे, इथं बोट वाकवून खाली घातलं तरी टेकेना. म्हणजे मागच्या क्राऊनला ऑइल कमी भरलेलं, घूं त्याचंच. खालच्या नटाच्या लोहचुंबकाला कोनातल्या मेहंदीसारखी काळी पेस्ट चिकटलेली, ती बोटावर चोळून उन्हात धरली. पेस्ट चालती म्हणले, तुकडे निघाले असते तर क्राऊन-पिनियनचा खर्च होता.

पुढच्या क्राऊनला तर गंमतच. नटावर पुराचा चिखल तसाच वाळलेला, पाना लागल्याची खूणच नाही! पैसे घेतले, हात लावला नाही. आतनं निघालं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. पुरात फोर बाय फोर टाकूनच चालवली होती, तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हाऊसिंगची हवा आत-बाहेर करायचं तोंड) चिखलानं बुजलेला असला की सीलमधनं पाणी ओढून घेतं, हे मला तिथं उभ्याउभ्या कळलं. ब्रीदर काढून कॉम्प्रेसरची हवा मारली तर मातीचा गोळाच उडाला.

मी दुकानातनं नव्वद नंबर म्हणून जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) चा कॅन नेला होता, तो परत पाठवला. क्राऊनचे दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्याला ८०डब्ल्यू-९० जीएल-५ च पाहिजे, आणि उरलं म्हणून ते गिअरबॉक्सला घालू नका, आतल्या पितळी रिंगांना मानवत नाही, असा दम पण दिला. दोन्हीकडं हातपंपानं भोकातनं बाहेर यायला लागेपर्यंत भरलं, जास्तीचं थेंब थेंब गळू दिलं आणि मगच नट आवळला. ट्रान्सफर केसचं ऑइल स्वच्छ निघालं (ते तेवढं खरंच बदललेलं दिसतंय), म्हणून तिथं हात लावला नाही आणि पैसेही लावले नाहीत. मजुरी ७०० रुपये, उरलेलं ऑइल बाटलीत भरून हातात दिलं.

आता तक्रारी. दहाला या म्हणले आणि गाडीला हात लावला दीडला. सोलापूरचं मार्चचं ऊन, बसायला एक फुटकी खुर्ची, तीपण टायरवाल्या पोराची. बिल मागितलं तर सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं. फोन उचलत नाहीत, सरळ जाऊन उभं राहायचं. पाचपैकी एक स्टार त्याचा कापला.

आवाज सत्तरला पण नाही आता. पुढच्यात पाणी गेलेलं म्हणून ५०० किलोमीटरनंतर तेवढं ऑइल परत सांडून बघू म्हणलेत, आणि तेव्हाच ब्रीदरला रबरी पाइप जोडून वर बॉनेटपर्यंत चढवून देणार आहेत. ३२० झालेत आजपर्यंत.