नवं पिस्तूल घेण्याआधी नळीत डोकावून बघा

बाबांचं .32 रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं होतं. जड, ओबडधोबड, पण घोडा ओढला की उडायचं. एखादं काडतूस फुसकं निघालंच तर पुन्हा घोडा ओढायचा, चक्र फिरून पुढचं काडतूस समोर येतं. मी कळमन्यात धान्याची अडत करतो, रात्री रोकड घेऊन घरी येतो, म्हणून परवाना. पण नागपूरच्या मे महिन्यात घामेजल्या शर्टाखाली ते धूड बाळगणं म्हणजे शिक्षाच.

9 एमएम निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे साध्या नागरिकाला न मिळणाऱ्या नळीच्या मापात, मोडतं आणि परदेशी माल साध्या परवानाधारकाला कधीचाच बंद. त्यामुळे .32 मध्ये कोणी नवं काढलं की आपण सगळे धावत सुटतो. मीही धावलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, लहानसं हाय, खिशात मावते. जुनं देऊन टाका ना, काहून दोन-दोन सांभाळता?"

हत्यार विकायचं तर पोलिसांना लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. मी तेही थांबलो. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला रिव्हॉल्व्हर आणि वर सव्वा लाख रुपये देऊन सीलबंद डबा घरी आणला. सील त्यानेच माझ्यासमोर ब्लेडने कापलं. तेव्हा ते किती खरं वाटलं होतं!

नेमबाजीच्या रेंजवर पहिलीच मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, भरली. तिसऱ्या गोळीला स्लाइड, म्हणजे गोळी सुटली की मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, अर्ध्यात अडकली. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभीच्या उभी, विटांच्या भट्टीच्या धुराड्यासारखी. काढली, पुन्हा मारली. 40 काडतुसांत 7 वेळा अडकलं. दोनदा तर मॅगझिनमधून पुढचं काडतूस वर आलंच नाही. तेवढ्या वेळात समोरचा माणूस काय माझी वाट बघत थांबणार होता?

दुकानदार हसला. "मशीन घट्ट हाय भाऊ. दोनशे राउंड जाऊ द्या, मंग पाहा लोण्यावाणी चालते. काहून टेन्शन घेऊन राहिले?" माझ्या परवान्यावर वर्षाला 50 काडतुसं मिळतात. त्याच्या हिशोबाने पिस्तूल सुधारायला 4 वर्षं लागणार होती!

ओळखीचे एक निवृत्त आर्मोरर आहेत, फौजेत हत्यारंच दुरुस्त करायचे. त्यांनी पिस्तूल टेबलावर उघडलं. छोट्या पिस्तुलाची स्लाइड आखूड आणि स्प्रिंग कडक, म्हणून थोडंही कमी-जास्त झालं की ते अडतं, असं त्यांनी समजावलं. त्यात .32 पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाला किंचित कड असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. इथवर दोष थोडा मॉडेलचा, थोडा माझ्या भरण्याचा. मग त्यांनी एक्स्ट्रॅक्टरवर भिंग धरलं. पुंगळी ओढणाऱ्या त्या नखावर तिरप्या, चमकत्या रेघा होत्या.

"नवीन हाय म्हणता, मंग याले कानस कोणं लावली?"

दुकानदाराने कारखान्यावर ढकललं. कारखान्याने दुकानदाराकडे पाठवलं. वॉरंटी 3 महिन्यांची. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यार ठाण्यात जमा करायचा निरोप आला. म्हणजे वॉरंटीचा शेवटचा काळ ते पोलिसांच्या कपाटात.

जमा करायच्या रांगेत हवालदार माझ्या पिस्तुलाचा नंबर मोठ्याने वाचत होता. मागे बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला माणूस पुढे आला. "साहेब, पुन्हा वाचा बरं." मग त्याने मोबाइलमधून एक बिल काढलं. तेच दुकान, तोच नंबर, ऑगस्टची तारीख. पिस्तूल 11 दिवस त्याच्याकडे होतं. हेच दुखणं म्हणून त्याने परत केलं होतं. परवान्यावर नोंद व्हायची होती, त्यामुळे परत घेणं सोपं गेलं. दुकानदाराने नख घासलं, डब्याला नवं सील लावलं आणि माल माझ्या गळ्यात मारला.

पिस्तूल अडकलं याचा मला तितका राग नाही. नव्या मॉडेलमध्ये खोड निघू शकते. दुकानदाराला मात्र खोड माहीत होती.

आता कळतं की त्या दिवशी दुकानात टॉर्च लावून नळीत बघितलं असतं तर काजळी दिसली असती. जुनं हत्यार सोडण्याआधी नवं रेंजवर नेऊन निदान दोन मॅगझिन मारायचा हट्ट धरायला हवा होता. "नवीन, न वापरलेले" असं बिलावर लिहून मागितलं असतं तर त्याचा चेहराच सांगून गेला असता. हत्यार एकदा परवान्यावर चढलं की साडीसारखं बदलून मिळत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दोन्ही बिलं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ऑनलाइन होते, 5 लाखांपर्यंत फी नाही, 2 वर्षांच्या आत करावी लागते. तो रांगेतला माणूस साक्षीला यायला तयार आहे. पैसे मिळतीलही. बाबांचं रिव्हॉल्व्हर मात्र दुकानदाराने दिवाळीआधीच दुसऱ्याला विकलं, आणि ते आता त्या माणसाच्या परवान्यावर आहे.