लिंकनच्या सुरकुत्या कुणी मागितल्या होत्या काढायला?

फोटोंच्या छपाईला पाचपैकी पाच. आगाऊपणाचे दोन कापले, म्हणून तीन स्टार. लॅबचं नाव लिहीत नाही, मुलं चांगली आहेत.

मी नववीला इतिहास शिकवते. एकाच माणसाचा चेहरा वीसेक वर्षांत कसा बदलतो ते पोरांना दाखवायचं होतं. म्हणून अब्राहम लिंकनचे चार फोटो ८ बाय १२ मध्ये, मॅट कागदावर काढायला दिले.

पहिला १८४६-४७ चा डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा. सदतिशीच्या आसपासचा वकील, केस चापूनचोपून बसवलेले. दुसरा २७ फेब्रुवारी १८६० चा, न्यूयॉर्कमध्ये मॅथ्यू ब्रॅडीने काढलेला. त्याच संध्याकाळी तिथल्या कूपर युनियन या कॉलेजात लिंकनचं गाजलेलं भाषण झालं. मान फार लांब दिसते म्हणून ब्रॅडीने कॉलर वर ओढून घ्यायला लावली होती. अजून दाढी नाही. ‘दाढी ठेवा’ असं ११ वर्षांच्या ग्रेस बेडेलचं पत्र आलं ते त्याच वर्षी ऑक्टोबरात. (पोरांना हीच गोष्ट सगळ्यात आवडते.) तिसरा नोव्हेंबर १८६३ चा, गेटिसबर्गच्या भाषणाआधी ११ दिवसांचा. चौथा ५ फेब्रुवारी १८६५ चा. हे दोन्ही अलेक्झांडर गार्डनरचे.

या चौथ्यासाठीच सगळा खटाटोप. गार्डनरची काचेची निगेटिव्ह वरून तडकली. त्याने तिच्यावरून एकच मोठी प्रत काढली आणि काच टाकून दिली. ती भेग लिंकनच्या डोक्यावरून आडवी गेलेली दिसते. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली खड्डे, ओठांवर हसू आहे की नाही कळत नाही. पुढे सव्वादोन महिन्यांत खून.

प्रिंट हातात आले. काळा रंग गडद, कागद जाड, कडा नीट कापलेल्या. आणि चौथ्यात भेगच नाही! सुरकुत्या गुळगुळीत. तिसऱ्यातली उजव्या गालावरची चामखीळसुद्धा पुसलेली. १८६५ चा लिंकन १८६० च्या लिंकनपेक्षा तरुण, जणू मधल्या पाच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झालंच नाही.

लॅबमधला मुलगा म्हणाला, “मॅडम, फोटो फार डॅमेज होता. रिस्टोअर करून दिला, एक्स्ट्रा नाही लावले.”

आता यावर रागवायचं तरी कसं? मूळ फाइल त्याच्याच स्क्रीनवर उघडायला लावली. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “अरे, हा तर थकलेला आहे.” दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रिंट फुकट नवे काढून दिले.

जुने फोटो द्यायचे असतील तर पाकिटावर ठळक लिहा: रिटच नको. तोंडी सांगून भागत नाही, काउंटरवरचा आणि आतला मुलगा वेगळे असतात.

बिघडलेला चौथा प्रिंटही मी मागून आणला. वर्गात दोन्ही शेजारी शेजारी लावलेत.